कंदिलातली ती बाई हडळ नाही: एका फॉरवर्डला उत्तर

गेल्या मंगळवारी रात्री अकरा वाजता भाचीचा फोन आला. तिचं बाळ साडेतीन महिन्यांचं आहे, त्यामुळे इतक्या रात्री तिचं नाव दिसल्यावर माझ्या पोटात गोळाच आला. बाळ बरं होतं. ती मात्र स्वयंपाकघराचं दार लोटून हलक्या आवाजात बोलत होती. "मावशी, तू दिलेलं ते कंदिलाचं चित्र सासूबाईंनी भिंतीवरून काढलं गं. सकाळी नदीत सोडून आल्या. आणि आता रोज माझी फणी बघतात, किती केस गेले ते." मग जरा थांबून तिने विचारलं, "त्यात खरंच काही असेल का गं?"

ही मुलगी कला महाविद्यालयात शिकलेली. पदवी मिळाली तेव्हा मीच तिला ते चित्र दिलं होतं, होकुसाइ या जुन्या जपानी चित्रकाराच्या कंदिलातल्या ओइवाची चांगल्या कागदावर काढलेली प्रत. सहा वर्षं ते तिच्या टेबलासमोर होतं. त्याच्यासमोर बसून तिने कामं केली, रात्री जागवल्या, लग्नानंतर ते हौसेने सासरी नेलं. सहा वर्षांत जी शंका एकदाही मनाला शिवली नाही, ती एका फॉरवर्डने तिच्या तोंडून वदवली. त्या फॉरवर्डचं उत्तर मला द्यायचंच आहे.

तो माझ्याकडे तीन वेगवेगळ्या ग्रुपांवरून आला, म्हणजे तुमच्याकडेही आलाच असेल. 'जपानची शापित चित्रे' असं शीर्षक, पाच-सहा चित्रं आणि खाली लांबलचक मजकूर. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ही चित्रं चित्रकारांनी प्रत्यक्ष भुतं पाहून काढली. कंदिलातून डोकावणारी बाई म्हणजे नवऱ्याने मारलेल्या ओइवाचा आत्मा. प्रचंड सांगाडा म्हणजे उपासमारीने मेलेल्यांच्या हाडांतून तयार झालेला राक्षस, त्याचं वर्णन हजार वर्षांपूर्वीच्या जपानी ग्रंथात आहे. रंगांत माणसाचं रक्त आणि हाडांची राख घालत, म्हणून लाल रंग दोनशे वर्षांनीही तसाच आहे. जपानच्या सरकारने या चित्रांवर बंदी घातली होती. चित्र काढणारे वर्षभरात मेले किंवा वेडे झाले, घरात ठेवणाऱ्यांकडे एकवीस दिवसांत मृत्यू होतो. आणि सगळ्यात शेवटी: बाळंतिणीची नजर या चित्रावर पडली तर ओइवा तिला धरते, मूठमूठ केस गळू लागणं ही त्याची पहिली खूण, तिथे डॉक्टरचं औषध चालत नाही, 'जाणकाराला' दाखवा.

मी लाकडी ठशांची छपाई शिकवते. पंचवीस वर्षं या चित्रांच्या रेषा बघत लाकूड कोरते आहे. एकेक मुद्दा घेते, पण फॉरवर्डच्या क्रमाने नाही.

आधी कंदील. चित्रकाराने ओइवा पाहिली असेलही, पण पाहिली असेल तर नाटकात.

'तोकाइदो योत्सुया काइदान' हे काबुकी, म्हणजे जपानच्या जुन्या लोकप्रिय रंगभूमीचं, नाटक चौथा त्सुरुया नानबोकु याने लिहिलं. (तिथे नाटककार-नटांची नावं वारशाने पुढे चालतात, म्हणून 'चौथा', 'तिसरा'.) ते पहिल्यांदा उभं राहिलं १८२५ च्या उन्हाळ्यात, एदोच्या, म्हणजे आजच्या तोक्योच्या, नाकामुरा-झा नाट्यगृहात. ओइवा झाला होता तिसरा ओनोए किकुगोरो, तिचा नवरा इएमोन झाला होता सातवा इचिकावा दानजुरो. स्त्रीभूमिका पुरुषच करत. आता नीट लक्ष द्या. १८२५ च्या त्या पहिल्या प्रयोगात कंदिलातून बाहेर येणारी ओइवा नव्हती. ती युक्ती १८३१ च्या प्रयोगात आली. रंगमंचावर टांगलेला कागदी कंदील पेट घेतो, कागद जळून भोक पडतं आणि मागे दडलेला नट त्या भोकातून सरपटत बाहेर येतो. जपानीत याला 'चोचिन-नुके' म्हणतात, कंदिलातून निसटणं. कंदील नेहमीपेक्षा मोठा बनवलेला असतो, आणि नटाला आग आणि वेळ दोन्ही अचूक सांभाळावे लागतात. प्रेक्षक वेडे झाले. आणि होकुसाइचं कंदिलाचं चित्र कधीचं? १८३१-३२ च्या सुमाराचं. ओसाकात शुनकोसाइ होकुएइ याने कंदिलातली ओइवा छापली ती १८३२ मध्ये. त्या छापात समोर इएमोन उभा आहे आणि तो दुसरा आराशी रिकान हा नट आहे. ओसाकाचा माणूस ते चित्र विकत घ्यायचा तो रिकानसाठी, जसा आपल्याकडे एके काळी आवडत्या नटाचा फोटो पाकिटात असायचा.

हा तारखांचा क्रम माझ्यासाठी पुरेसा आहे. आत्मा कंदिलातून येत असता तर तो १८२५ लाच आला असता. तो आला रंगमंचावरच्या कारागिराला युक्ती सुचल्यावर, आणि लगोलग एदो-ओसाकाच्या चित्रांत गेला.

चित्रांचा धंदाही असाच चाले. छायाचित्रं नव्हती. नाटकाच्या हंगामात प्रकाशक चित्रकाराकडून रेखाटन करून घ्यायचा, कोरणारा ते चेरीच्या लाकडावर कोरायचा, छापणारा प्रत्येक रंगाचा वेगळा ठसा लावून कागदावर उतरवायचा, आणि दुकानात ते नूडल्सच्या वाडग्याच्या आसपासच्या किमतीत विकलं जायचं. कित्येकदा तर पहिला प्रयोग व्हायच्या आधीच चित्र तयार असे. डोळ्यांनी पाहिलेलं भूत काढायला चित्रकाराला तेवढी उसंत कुठली!

नाट्यगृहातली भुतं कशी चालत तेही सांगते. निळसर ज्योत म्हणजे काठीच्या टोकाला शोचू दारूत बुडवलेलं फडकं पेटवलेलं. भूत येतंय हे कळायचं ते मोठ्या ढोलाच्या मंद 'दोरो-दोरो' आवाजाने. ओइवा आणि इएमोनने मारलेला नोकर कोहेइ, यांची प्रेतं एकाच फळीच्या दोन बाजूंना खिळलेली असतात. कालव्यातून फळी वर येते, आधी ओइवा दिसते, फळी उलटते आणि कोहेइ दिसतो. दोघंही एकच नट, किकुगोरो. फळीला दोन्हीकडे कपडे आधीच लावलेले, नट भोकातून फक्त तोंड काढतो. पुढे या प्रवेशाची अशी छापील चित्रं निघाली की त्यांवर कागदाची एक झडप चिकटवलेली असे. झडप उचलली की ओइवाच्या जागी कोहेइ. ज्या वस्तूशी लोक असे खेळत होते, ती वस्तू आज भीतीने नदीत सोडली जाते.

एक गोष्ट मान्य करते. ओइवा नावाची बाई होऊन गेली. एदोच्या योत्सुया भागात तामिया घराण्यात ती होती, १६३६ मध्ये वारली असं मानतात, आणि तिच्या नावाचं देऊळ आजही तिथे आहे. पण देवळाची परंपरा काय सांगते? ती कष्टाळू होती, नवऱ्याशी तिचं चांगलं होतं, घराची विस्कटलेली घडी तिने परत बसवली. खून, विष, सूड हे सगळं नानबोकुने जवळजवळ दोनशे वर्षांनी, आधीच्या सांगोवांगीच्या कथा घेऊन रचलं. फॉरवर्डने नेमकं ते रचलेलं उचललं आणि खरी बाई टाकून दिली.

आता बाळंतिणीचा मुद्दा. माझा संताप इथला आहे, म्हणून इथे थांबणार आहे.

फॉरवर्डमध्ये ओइवा केस विंचरतानाचं चित्र आहे आणि त्याखाली 'हीच ती पहिली खूण' असं लिहिलंय. हा नाटकातला सगळ्यात गाजलेला प्रवेश. जपानीत त्याला 'कामिसुकी' म्हणतात, केस विंचरणं. तो काय आहे ते मी सांगते, कारण फॉरवर्ड लिहिणाऱ्याने तो वाचलेला नाही हे उघड आहे.

ओइवा नुकतीच बाळंत झालेली आहे. अंगात त्राण नाही, ताप आहे. घरात पैसा नाही, कारण नवऱ्याला धनी उरलेला नाही आणि छत्र्या बनवून पोट भरावं लागतं याचा त्याला राग आहे. तो राग बायकोवर आणि बाळावर निघतो. शेजारच्या श्रीमंत इतो घराण्यातली नात इएमोनच्या प्रेमात पडली आहे. ओइवाला बाजूला काढायचं म्हणून त्या घरातून एक पुडी येते: बाळंतिणीचं औषध आहे, घ्या, बरं वाटेल. ओइवा त्या शेजाऱ्यांकडे वळून कृतज्ञतेने नमस्कार करते. मग पुडीतला कणही वाया जाऊ नये म्हणून कागद झटकून औषध घेते. प्रेक्षकाला माहीत असतं की ते विष आहे. तिला नसतं. थोड्याच वेळात चेहरा जळायला लागतो, एक डोळा सुजून खाली ओघळतो.

इएमोन येतो तो गहाण टाकायला काहीतरी न्यायला. घरात उरलेली असते मच्छरदाणी. ती म्हणते, बाळाला डास चावतील, एवढी राहू दे. तो ओढतो, ती सोडत नाही, आणि तिची बोटांची नखं मच्छरदाणीबरोबर उपटून निघतात. मी हा प्रवेश पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून बाजूला ठेवलं होतं.

तो गेल्यावर ताकुएत्सु नावाचा मालिश करणारा तिला आरसा दाखवतो आणि खरं काय ते सांगतो. तेव्हा ती ठरवते: इतोंच्या घरी जायचं, तोंडावर जाब विचारायचा. पण बाहेर जायचं तर नीटनेटकं जायला हवं. ती दात काळे करते, त्या काळच्या लग्न झालेल्या बाईच्या रीतीप्रमाणे. आईची आठवण असलेली, कधीही न विकलेली फणी घेते आणि केस विंचरायला बसते. फणीबरोबर केस येतात. पुन्हा येतात. समोर गुंतवळाचा ढीग वाढत जातो. रंगमंचाखालून माणूस फटीतून आणखी केस वर सारत असतो, म्हणून तो ढीग डोक्यावर असतील त्याहून मोठा होतो. कपाळ उघडं पडतं. मुठीत धरलेल्या केसांतून रक्त ठिबकतं. नंतर खांबात रुतलेल्या तलवारीवर मान लागून ती मरते. बाळ बाजूला.

हे आहे त्या 'खुणेचं' चित्र. आजारी बाळंतिणीला औषध म्हणून विष दिलं, तिचं दुखणं कुणी दुखणं मानलं नाही, तिच्याजवळचं शेवटचं पांघरूण ओढून नेलं, आणि ती मेल्यावर मग सगळे तिला घाबरले. नानबोकुने बाळंतिणीला भूत केलं ते तिची बाजू मांडायला. आणि आपल्या फॉरवर्डने त्याच चित्रावरून काय शिकवण काढली? की बाळंतिणीला डॉक्टरकडे नेऊ नका, तिच्यावर नजर ठेवा, तिची फणी तपासा. अहो, म्हणजे इएमोनच्या घरात जे चाललं होतं तेच करा!

केसांबद्दल माझ्या ओळखीच्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी भाचीला फोनवर जे सांगितलं ते इथे लिहून ठेवते, कारण हे घराघरांत लागतं. गरोदरपणात संप्रेरकांमुळे केस नेहमीसारखे गळत नाहीत, डोक्यावर टिकून राहतात. बाळंतपणानंतर ते थोपलेले केस एकदम गळायला लागतात, साधारण दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात सगळ्यात जास्त. फणीत मूठभर गुंतवळ येणं हे त्या काळात नेहमीचं आहे. बहुतेकींचे केस वर्षभरात पूर्ववत होतात. फारच गळत असतील, थकवा वाटत असेल, तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्यायचं. माझी भाची साडेतीन महिन्यांची बाळंतीण आहे. तिचे केस गळतायत ते ठरल्या वेळी गळतायत.

आणि तिच्या सासूबाईंना मी दोष देत नाही. त्यांना नातवाची आणि सुनेची काळजी होती, त्या काळजीत कुणीतरी भीती घातली. ज्याने 'बाळंतीण' हा शब्द मजकुरात घातला, तो नेमकं कुठे लागेल हे ओळखूनच घातला.

ओइवा एकटी नाही. या चित्रांतली भुतं कोण असतात ते बघितलं की हाच धागा सापडतो. त्याच काळातला चित्रकार कुनियोशी, त्याने १८५१ मध्ये काढलेलं असाकुरा तोगोचं भूत घ्या. चौथा इचिकावा कोदानजी ती भूमिका करत होता. तोगो म्हणजे साकुरा सोगोरो, जुलमी सारा कमी करा म्हणून वरपर्यंत अर्ज घेऊन गेलेला आणि त्यापायी वधस्तंभावर चढवलेला गावचा मुखिया. नाटकात काळ मागचा दाखवावा लागला, नावं बदलावी लागली, कारण सत्तेवर सरळ बोलायची सोय नव्हती. किंवा होकुसाइचा कोहादा कोहेइजी, मच्छरदाणीवरून आत डोकावणारी ती कवटी. तो गोष्टीत स्वतःच गरीब नट असतो, फक्त भुताची भूमिका चांगली करणारा, बायकोच्या प्रियकराने मारलेला. बायको, नोकर, शेतकरी, फाटका नट. जिवंतपणी ज्यांची दाद कुठे लागली नाही, त्यांना नाटककाराने मेल्यावर तोंड दिलं.

सांगाड्याचं उत्तर छोटं आहे. तो कुनियोशीचा तीन कागदांचा छाप, १८४४ च्या आसपासचा. पडक्या वाड्यात राजकन्या ताकियाशा कागदाची गुंडाळी वाचून मंत्र म्हणते आहे आणि काळोखातून बांबूचा पडदा फाडून अजस्र सांगाडा वाकून आत येतो आहे. हे चित्र थेट रंगमंचावरचं नाही, हे मी मान्य करते. ही गोष्ट १८३६ मध्ये काबुकीत आली होती, पण तिचं मूळ सान्तो क्योदेनच्या १८०६ च्या कादंबरीत. आणि त्या कादंबरीत एक मोठा सांगाडा नाहीच, माणसाएवढे शेकडो सांगाडे एकमेकांशी लढतात. त्या शेकड्यांचा एक करण्याची कल्पना कुनियोशीची. बरगड्या आणि मणके इतके नेमके आहेत की त्याने पाश्चात्त्य शरीरशास्त्राची चित्रं पाहिली असावीत असं अभ्यासक मानतात. आणि 'भुकेने मेलेल्यांच्या हाडांचा राक्षस', ज्याला फॉरवर्ड गाशादोकुरो म्हणतो, तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुलांच्या भुताखेतांच्या पुस्तकांतून आला. त्याचं रूप घेतलं ते कुनियोशीच्याच चित्रावरून. फॉरवर्ड त्या नव्या राक्षसाला हजार वर्षं जुना करून कुनियोशीच्या चित्रात परत बसवतो. हजार वर्षांपूर्वीचं खरं असेल तर एवढंच, की ताकियाशाचा बाप मानलेला तायरा नो मासाकादो बंड करून ९४० मध्ये मारला गेला.

रंगात रक्त? हा माझ्या हातातला विषय. काळी शाई म्हणजे काजळी आणि सरस. सरस जनावरांच्या कातडी-हाडांपासून बनतो, तेव्हा 'हाडं' या शब्दापुरतं फॉरवर्डला अर्धा गुण देऊन टाकते. आपले सुतार पिढ्यान् पिढ्या तोच सरस वापरत आले. लाल रंग बराचसा 'बेनी'चा, म्हणजे करडईच्या फुलांचा. हो, तीच करडई, जिचं तेल सोलापूर-मराठवाड्यात घरोघरी. आणि तो लाल टिकत नाही हेच त्याचं दुखणं आहे. उजेडात ठेवला की उडतो, म्हणून संग्रहालयं जुने छाप मंद प्रकाशात थोडेच दिवस लावतात आणि परत पेटीत ठेवतात. दोनशे वर्षांत लाल रंग जसाच्या तसा राहिला असं म्हणणाऱ्याने जुना छाप पाहिलेला नाही. रक्ताची खरी गोष्ट सांगायची तर ती निळ्या रंगाची आहे. १८३० च्या सुमारास जपानी चित्रांत जो गडद निळा आला, तो बर्लिनमध्ये अठराव्या शतकाच्या सुरुवातीला सापडलेला प्रशियन निळा. युरोपातल्या कारखान्यांत तो करायला गुरांचं रक्त क्षाराबरोबर भाजत असत. तयार रंगात रक्त उरत नाही, ते लोखंडाचं संयुग असतं. माणसाच्या रक्ताचा प्रश्न कुठेच येत नाही.

बंदी हा खरा-खोटा मिसळलेला मुद्दा. १८४२ मध्ये तेम्पो सुधारणांच्या, म्हणजे सरकारने लादलेल्या काटकसरीच्या, काळात नटांची आणि गणिकांची चित्रं छापायला मनाई झाली, रंग किती आणि किंमत किती यावरही बंधनं आली. बंदी होती, मान्य. पण ती उधळपट्टी आणि चैनीवर होती. भुताखेतांचा त्यात संबंध नव्हता. उलट भुतं ही पळवाट झाली. १८४३ मध्ये कुनियोशीने जुन्या काळातला आजारी योद्धा योरिमित्सु, त्याचे सरदार आणि मागे जाळं विणणाऱ्या कोळ्याच्या रूपातला राक्षस भुतांच्या फौजेसह, असं चित्र काढलं. लोकांनी त्यात शोगुन, म्हणजे तेव्हाचा लष्करी राज्यकर्ता, आणि त्याचा मंत्री मिझुनो तादाकुनी ओळखले, आणि भुतांच्या फौजेत सुधारणांनी भरडलेली माणसं. बभ्रा झाला तेव्हा प्रकाशकाने घाबरून चित्र बाजारातून मागे घेतलं. तो घाबरला सरकारला.

पाय नसलेली भुतं 'खरं भूत पाहूनच' काढली, असंही एक वाक्य आहे. चित्रकार मारुयामा ओक्योने पाय नसलेलं भूत प्रथम काढलं असं जपानातच बरेच जण सांगतात. पण ओक्योचा जन्म १७३३ चा, आणि पाय नसलेलं भूत त्याआधीच्या छापील पुस्तकांत सापडतं. रंगमंचावर तर नरसाळ्यासारखा खाली निमुळता होत जाणारा झगा घालत, की पाय दिसू नयेत.

राहिला शाप. वर्षभरात मेले म्हणे. होकुसाइने कंदिलातली ओइवा काढली तेव्हा तो सत्तरी ओलांडलेला होता आणि १८४९ मध्ये वारला, नव्वदीला टेकून. किकुगोरोने १८२५ नंतर ओइवा पुन्हा पुन्हा केली आणि तोही १८४९ मध्येच गेला, पहिल्या प्रयोगानंतर चोवीस वर्षांनी. दानजुरो १८५९ पर्यंत होता. नाटककार नानबोकु १८२९ मध्ये वारला, पण नाटक लिहिलं तेव्हाच त्याची सत्तरी आली होती. वेडाबद्दल म्हणाल तर चित्रकार त्सुकिओका योशितोशीला मानसिक आजार होता हे खरं आहे. पण छत्तीस भुतांची मालिका त्याने १८८९ मध्ये सुरू केली, आणि आजाराचा पहिला मोठा झटका त्याला त्याआधी दीडेक दशक, हलाखीच्या दिवसांत येऊन गेला होता. आजारी माणसाच्या दुखण्याला शाप म्हणणं मला सहन होत नाही.

काबुकीचे नट हे नाटक करण्याआधी ओइवाच्या देवळात जाऊन नमस्कार करतात, हे मात्र खरं. मला त्यात भीतीपेक्षा आदर दिसतो. आगीचा कंदील, उलटी फळी, माणसाला आत ओढून नेणारं फिरतं देवघर, एवढ्या जोखमीच्या युक्त्या असलेलं नाटक. आपल्याकडेही नटेश्वराला नारळ फोडल्याशिवाय पडदा वर जात नाही.

आणि अफवांचं म्हणाल तर त्या तेव्हाही होत्या. १८०४ मध्ये याच नानबोकुचं 'तेन्जिकु तोकुबेइ' आलं. तेन्जिकु म्हणजे भारत. तोकुबेइ हा भारताकडे जाऊन आलेला दर्यावर्दी, नाटकात बेडकाची जादू जाणणारा. किकुगोरोचा मानलेला बाप, नट ओनोए मात्सुसुके, पाण्यात उडी मारायचा आणि क्षणात वेगळ्या, कोरड्या वेषात दुसरीकडून हजर व्हायचा. गावभर झालं की ही ख्रिस्ती जादू आहे, आणि त्या काळी तो जीवावरचा आरोप. अधिकारी तपासायला आले. त्यांना सापडला तो झटपट वेष बदलण्याचा सराव.

भाचीला हे सगळं मी रविवारी तिच्या घरी बसून सांगितलं. सासूबाई बाळाला मांडीवर घेऊन ऐकत होत्या. मी त्यांना फोनवर ते चित्र मोठं करून दाखवलं. कंदिलावरच्या अक्षरांत मेलेल्या ओइवाचं नाव आहे आणि 'नामु आमिदा बुत्सु' ही प्रार्थना. नमो अमिताभ बुद्ध, असं ते मूळ आपल्याकडूनच गेलेलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या. "म्हणजे तिच्यासाठी प्रार्थना होती होय," म्हणाल्या. मच्छरदाणीचा प्रसंग सांगितला तेव्हा बाळाच्या अंगावरचं दुपटं त्यांनी नकळत सारखं केलं.

मग विचारलं, "आणि त्या नवऱ्याचं काय झालं हो पुढे?"

मी सांगितलं. उंदीर त्याच्या मागे लागतात, कारण ओइवा उंदराच्या वर्षात जन्मलेली. ती कंदिलातून येते, भिंतीतून येते, त्याला झोप लागू देत नाही. शेवटी बर्फात ओइवाच्या बहिणीचा नवरा योमोशिची त्याला गाठतो आणि तलवार चालवतो. आणि १८२५ च्या त्या पहिल्या प्रयोगात योमोशिची कोण झाला होता, तर तोच किकुगोरो, जो आधी ओइवा होऊन केस विंचरायला बसला होता.